घशातली पंगत

माणूस पोट दाखवतो, पाठ दाखवतो, पायाची जखम तर न विचारता दाखवतो. पण 'आ करा' म्हटलं की भलेभले ओठ घट्ट मिटून छताकडे बघायला लागतात. मी वृषाली साळोखे, आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ. तेवीस वर्षं मी लोकांच्या घशातून नमुने काढते आहे. तंत्रज्ञ हा शब्द गावाला अवघड जातो, म्हणून मी 'घशाच्या बाई'. पूर्वी मी रस्त्याने जाताना दिसले की पोरं तोंडावर हात ठेवायची. आता ठेवत नाहीत, त्याला कारण बगळा.

बगळा आला चार वर्षांपूर्वी. कागदोपत्री त्याचं नाव 'मृदुस्पर्श स्वयंचलित नमुना-संकलक' असं लांबलचक आहे. पांढरा रंग, एकच पाय आणि वाकडी लांब मान बघून गावाने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं.

त्याचं काम समजायला सोपं आहे. घशाच्या मागच्या भिंतीला परकं काही लागलं की उमासा येतो. तो आपण ठरवून आणत नाही. मेंदूच्या बुंध्यातून परस्पर हुकूम सुटतो आणि घसा आवळला जातो. घशाचा राखणदारच म्हणा. पण हा राखणदार प्रत्येक घासाला आडवा आला असता तर आपण उपाशीच मेलो असतो. म्हणून घोट गिळून झाल्यावर जेमतेम एक सेकंद तो गप्प बसतो. बगळा तेवढा सेकंद पकडतो. खुर्चीतल्या माणसाने कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. गळ्याला टेकवलेली चकती कंठमणी वर जाऊन खाली आल्याचं टिपते, आणि माणूस श्वास सोडतो न सोडतो तोच मऊ टोकाची काडी आत जाऊन परत येते. काडी बाहेर आल्यावर लोक विचारतात, "बाई, कधी सुरू करणार?"

हा सेकंद पुण्याच्या इंजिनिअरांनी माझ्याकडून घेतला. तीन महिने मी तारांचा हातमोजा घालून नमुने काढत होते आणि ते माझा हात मोजत होते. मला तो कसा सापडला हे मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. वीस सालच्या साथीत एका माणसाने माझं मनगट धरून मला चार शब्द ऐकवले होते. त्या चार शब्दांनी माझी झोप उडवली होती. तो माणूस कोण, ते मला माहीत नव्हतं. तोंडावर मास्क, अंगात खाकी बाहीचा सदरा, हातात टोकन, एवढीच त्याची ओळख.

तर बगळ्याने घशाचा त्रास संपवला, आणि त्रास संपला की माणूस ते काम रोजचं करतो. आरोग्य खात्याने दर गुरुवारी सगळ्या गावाचे नमुने घ्यायला सुरुवात केली. गावाने त्याला 'घसावार' म्हटलं. दर आठवड्याला एवढे घसे वाचायला मिळाल्यावर यंत्राला आजारापलीकडचंही दिसायला लागलं. प्रत्येकाच्या घशात हजारो निरुपद्रवी जंतू नांदत असतात. एकाच जातीच्या जंतूंतही घराघराप्रमाणे बारीक फरक असतो, जशी प्रत्येक घरच्या विरजणाची चव निराळी. जे एकमेकांशेजारी बसून जेवतात, एका तांब्यातलं पाणी पितात, त्यांच्या घशांत हळूहळू एकच विरजण लागतं. यंत्र अशा लोकांचा गट मांडतं. साथ आली तर आधी कुणाला बोलवायचं ते कळावं, हा त्याचा हेतू. सरकार त्याला 'सहवासगट' म्हणतं. गाव म्हणतं पंगत.

पंगतीने गावात बरीच करमणूक केली. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ एकाच पंगतीत निघाले. दोघेही आईकडे दुपारची भाकरी खायला जात होते, एक बाराला, एक एकला. भांडण तिथेच मिटलं. ज्याने कधी नमुनाच दिलेला नाही, पण ज्याच्या जंतूंच्या खुणा दुसऱ्याच्या घशात सापडतात, त्याच्यासाठी यंत्र एक पोकळ वर्तुळ काढतं. त्याला गाव 'रिकामा पाट' म्हणतं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. मी आणि माझे सासरे, अण्णा. नवरा गुजरातेत बंदरावर नोकरीला, मुलगी पुण्यात शिकायला. अण्णा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. आवाज असा, की रसवंतीतली माणसंसुद्धा ग्लास ठेवून धावत सुटायची. सासूबाई गेल्या आणि तो आवाज घरापुरता बंद झाला. मी सकाळी आठला भाकरी, दोन भाज्या, कोशिंबीर असं ताट वाढून, वर ताटली झाकून कामाला जायची. रात्रीचं ते सातला जेवून घ्यायचे, मी आठला यायची. सुनेसमोर बसून जेवायला त्यांना संकोच वाटत असेल, असं मी दहा वर्षं धरून चालले होते. घरी आल्यावर ताट घासून पालथं घातलेलं असायचं. सासरा ताट घासतो म्हणून मी लोकांत कौतुकाने सांगायची.

एका गुरुवारी मी पहिल्यांदाच फोनवर अण्णांची पंगत उघडली. अण्णांच्या शेजारी एकच वर्तुळ होतं, तेही पोकळ. म्हणजे रिकामा पाट. मी त्यात नव्हतेच. माझी पंगत पाहिली, तर तिच्यात आमच्या प्रयोगशाळेतली चार माणसं.

"अण्णा, दुपारी कुणी येतं का घरी?"

"कोण येणार?"

"यंत्र म्हणतंय, तुम्ही कुणाबरोबर तरी जेवता."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यंत्राला काय कळतंय," म्हणाले आणि उठून गेले.

मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, पण आधी राग आला. पहाटे उठून भाकऱ्या मी थापायच्या आणि यांचं विरजण भलत्याशीच लागायचं! आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते तसेही कामापुरतंच बोलत, त्यामुळे माझा रुसवा त्यांच्या ध्यानात आला की नाही कोण जाणे.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आमच्या डॉक्टर शिर्के मॅडम स्वतः प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी माझ्या टेबलावर एक अहवाल ठेवला. नाव अण्णांचं होतं.

"घटसर्प," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नको. जंतू घशात बसलेत, पण अण्णांना आजार नाही. गोळ्यांनी जातील. प्रश्न त्या रिकाम्या पाटाचा आहे."

मला सांगायची गरज नव्हती. घटसर्प आपल्याकडून गेल्यासारखा झाला होता, पण लहानपणीच्या लसीचा जोर म्हातारपणी ओसरतो. मग घशात करडा पडदा धरतो, श्वास कोंडतो, आणि जंतूंचं विष हृदयावर जातं. त्यावर प्रतिविष आहे, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांत टोचलं तरच उपयोग. तेही जिल्ह्याच्या ठिकाणी कुलपात, अहवाल पाठवल्याशिवाय सुटत नाही. अण्णांबरोबर रोज जेवणारा तो माणूस आजारी पडला असेल, तर त्याच्याकडे आजचा दिवस होता. आणि तो कोण हे फक्त अण्णांना माहीत होतं.

"तुझाही नमुना दे," मॅडम म्हणाल्या.

मी बगळ्यासमोर बसले. वीस मिनिटांत अहवाल आला. घटसर्पाचा एकही जंतू नाही. अण्णांच्या इतर जंतूंचाही मागमूस नाही. एका छपराखाली राहून मी सुरक्षित होते, कारण दहा वर्षांत मी त्या माणसाबरोबर बसून कपभर चहा घेतला नव्हता. स्वच्छ अहवाल वाचून इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

मॅडमच्या गाडीतून घरी पोचले तेव्हा बारा वाजत होते; मॅडम बाहेर गाडीतच थांबल्या. अण्णा स्वयंपाकघरात उभे होते आणि मी झाकून ठेवलेल्या ताटातली भाकरी-भाजी एका डब्यात भरत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. मी दारातूनच मास्क पुढे केला आणि सगळं सांगितलं.

"कोण आहे तो माणूस, अण्णा?"

"माझं काय ते औषध दे. त्याचं नाव माझ्या तोंडनं निघायचं न्हाई."

"अहो, मी काही भांडायला विचारत नाही. माझं ताट कुणाला देता म्हणून मला..."

"त्यासाठी न्हाई गं."

"मग कशासाठी?"

अण्णा डब्याकडे वळले. मी त्यांच्या अगदी समोर उभी राहिले. "त्यांचा घसा दुखतोय का? आवाज बसलाय? मान सुजलीय? असं असेल तर संध्याकाळपर्यंत श्वास कोंडायला लागेल, अण्णा. मग नाव लपवून काय मिळवणार?"

त्यांनी डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "परवापास्नं घास उतरंना म्हणतोय," ते हळूच म्हणाले. "काल नुसतं पाणी घेतलं." मग एकदम घाईला आले. "चल. पर तू भाईरच थांबायचं. आत डाक्टरीण जाऊ दे."

"का?"

"थांब म्हणतोय म्हणून."

जुन्या स्टँडवर आता गाड्या येत नाहीत. नव्या विजेच्या बसगाड्यांचा तळ गावाबाहेर आहे, आणि तिथं यंत्रच पुकारतं. जुन्या फलाटाच्या मागे उपाहारगृहाची एक खोली उरली आहे. मॅडमनी गाडी तिथं लावली. नमुना वाचायची पेटी गाडीत होती. बगळा मात्र जमिनीत घट्ट बसवलेला, त्याला आणता येत नाही. म्हणजे नमुना हातानेच काढायचा होता, आणि हात माझाच होता. मी अण्णांचं ऐकलं नाही. हातमोजे चढवले आणि आत शिरले.

खाटेवर सत्तरीचा एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. मान दोन्ही बाजूंनी सुजलेली. भिंतीवर खिळ्याला खाकी सदरा. अण्णा पाठोपाठ आले आणि पडेल आवाजात म्हणाले, "हा दस्तगीर. दस्तगीर मुल्ला. माझ्या स्टँडवरचा कंडक्टर. त्याची बायकू गेल्यापास्नं हितंच असतो."

मॅडमनी बॅटरी पुढे केली. "काका, तोंड उघडा बरं."

दस्तगीरकाकांनी मान हलवली. बसक्या आवाजात म्हणाले, "औषध द्या. सुई टोचा. काडी न्हाई."

"औषध काडीशिवाय मिळणार नाही, काका. खरंच सांगते."

"मग ऱ्हाऊ द्या." त्यांनी तळहात तोंडावर धरला. बोटांमागून एकेक शब्द येत होता. "वीस साली... आमा कंडक्टरांस्नी रांगेत हुबं केलं. परगावच्या मजुरांस्नी पोचवून आल्तो. त्या पोरीनं अशी काडी घातली, की रगत आलं. आठ दिस पाणी उतरंना. तवाच ठरिवलं, पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई."

भिंतीवरचा खाकी सदरा आणि ती बाही मला ओळखीची वाटली. मी अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

मी खाटेजवळ गुडघे टेकून बसले. "काका, तुम्ही त्या पोरीचं मनगट धरलं होतं. आणि म्हणाला होतात, 'बाई, माणूस हाय मी.'"

त्यांचा हात तोंडावरून खाली आला.

"ती मी होते. दिवसाला दोनशे काड्या, अंगावर तो प्लॅस्टिकचा झगा, शिकवलेलं कुणी नाही. पण तुम्हाला दुखवलं ते मीच. माफ करा."

"ठावं हाय मला," दस्तगीरकाका म्हणाले. "झग्यावर छातीला पेनानं नाव लिवलेलं. वृषाली साळोखे. स्टँडवर आलो आन् कंट्रोलरला सांगितलं, तुझ्या सुनंचा हात लई जड हाय म्हनून."

मी अण्णांकडे वळले. "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"कसं सांगणार?" अण्णा म्हणाले. "घरी आलीस की न्हाणीघरात रडायचीस तू. आमाला ऐकू यायचं. त्यात आनि हे सांगू? आन् पुढं तुझा हात असा हलका झाला, की गाव नाव काढतंय. मग तर सांगायचं कारनच उरलं न्हाई."

तर हे होतं ते. तेवीस वर्षं दोन म्हाताऱ्यांनी मिळून माझी चूक झाकून ठेवली होती, आणि मी त्यांच्यावर आठ दिवस रुसले होते. मला रडू आलं. मास्कच्या आत ते पुसताही येईना.

"काका, ऐका," मी म्हणाले. "त्या दिवसानंतर मी महिनाभर रोज सकाळी आरशासमोर उभी राहून माझ्याच घशात काडी घालत होते. किती दुखतं ते कळावं म्हणून. तेव्हा मला सापडलं, की घोट गिळला की घसा क्षणभर गप्प असतो. यंत्राला मी तेच शिकवलं. आज साडेतीनशे दवाखान्यांत ते यंत्र आहे आणि कुणाला उमासासुद्धा येत नाही. हे सगळं तुमच्या त्या चार शब्दांमुळे. फक्त तुम्हालाच त्याचा उपयोग झाला नाही. मला एकदा तेवढं करू द्या."

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे निरखून बघितलं. श्वासाला आता बारीक शिट्टी येत होती. मागे मॅडमचा पाय वाजला. त्यांनी घड्याळ बघितलं असणार.

"लई दुखलं हुतं गं," ते म्हणाले.

"हो, काका."

"पानी कोमट हाय का?"

"आहे."

त्यांनी पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि परत खाली आणला. घोट तोंडापर्यंत जाईना. घोटाशिवाय माझा सेकंद येणार नव्हता. तेवढ्यात दाराशी अण्णांनी खाकरून घसा साफ केला आणि मास्कच्या आतूनच पुकारलं, "लक्ष द्या! सांगलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. कंडक्टर दस्तगीर मुल्ला, चहा पुरे करा, गाडीत या!"

दहा वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. पत्रा दणाणला. दस्तगीरकाकांच्या तोंडावर हसू फुटलं, खांदे सैल झाले, आणि जुन्या सवयीने त्यांनी पेल्यातलं पाणी घाईघाईने तोंडात घेतलं. कंठमणी कष्टाने वर गेला, खाली आला. मी काडी आत घातली, पडद्याच्या कडेला टेकवली आणि काढून घेतली.

"हां, घाल आता," ते डोळे मिटून म्हणाले.

"झालं, काका."

"कवा?"

वीस मिनिटांत अहवाल आला. घटसर्पच होता, विष सोडणारा. साडेचारला जिल्ह्याहून प्रतिविष आलं आणि पाचच्या आत टोचून झालं. "उद्या सकाळी अवघड होतं," मॅडम नंतर मला एकटीला गाठून म्हणाल्या.

दस्तगीरकाका तीन आठवडे दवाखान्यात होते. बाहेरच्या बाकावर मी आणि अण्णा बसायचो. अण्णांच्या गोळ्या संपल्या, दोन नमुने स्वच्छ आले, त्या दिवशी मी डबा आणला आणि बाकावर मध्ये ठेवला. दोघांनी एकाच डब्यातलं खाल्लं.

"अण्णा, तुम्हाला माझ्यासमोर जेवायला संकोच वाटतो, असं मला वाटायचं."

"आन् मला वाटायचं, सासरा म्होरं नसला की पोरीला जरा मोकळं बसता येईल." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पर झाकल्यालं ताट एकट्यानं उघडाय जड जातंय गं. म्हनून घिऊन जायचो तिकडं."

मी माझ्या हातातली अर्धी भाकरी त्यांच्यापुढे धरली.

आता माझी जेवणाची सुट्टी मी घरी घेते. सासूबाईंची खोली दस्तगीरकाकांना दिली आहे. 'चार दिस ऱ्हातो' म्हणून आले, त्याला सहा महिने होत आले. कोशिंबिरीत मीठ कमी असल्याचं रोज सांगतात.

गेल्या गुरुवारी त्यांनी पहिल्यांदाच बगळ्यासमोर बसायचं कबूल केलं. खुर्चीत बसले, त्या वाकड्या मानेकडे खालून वरून बघितलं आणि म्हणाले, "बगळोबा, माणूस हाय मी." मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, घोट घेतला आणि आ केला.

दुपारी जेवायच्या आधी मी फोन उघडला. माझा अहवाल यावेळी अजिबात कोरा नव्हता. माझ्या घशात अण्णांचं विरजण लागलं होतं, दस्तगीरकाकांचंही. पडद्यावर तीन भरीव वर्तुळं एकमेकांना खेटून होती आणि रिकामा पाट कुठेच नव्हता. मी फोन अण्णांपुढे धरला.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघितलं.

"यंत्राला कळतंय की," म्हणाले. "चल, ताटं घे तिघांची."